तोफ मागेच हवी

"तोंडाला रुमाल लावून बोलतो, माफ करा," असं म्हणत त्या गृहस्थांनी खिशातून दुसरा रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर कवळीचे दोन तुकडे ठेवले.

वरची कवळी होती. बरोबर मधोमध तडकलेली.

"कशावर मोडली?"

"उसावर."

"कवळीनं ऊस खाल्लात?"

"दात हुतं तवा खात हुतो. जित्याची खोड हाय, जाती व्हय?"

कराडला एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याखाली माझी लॅब होती, लॅबच्या मागे आमचं बिऱ्हाड. वर डॉक्टर दात काढायचे, खाली मी दात करायचे. कवळी सांधायला थोडा वेळ लागणार होता म्हणून मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. मांडणीपुढे जाऊन उभे राहिले.

त्या मांडणीबद्दल सांगायला हवं. तिच्या डाव्या बाजूला गावोगावच्या लोकांचे प्लास्टरचे जबडे असत आणि उजव्या बाजूला माझे रणगाडे. पुण्याचा मामेभाऊ मला बाहेरच्या देशांतून आलेली किट्स पाठवायचा. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, बारीक बारीक तुकड्यांचं प्लास्टिक. ते कापायचं, घासायचं, जोडायचं, रंगवायचं. आईचं म्हणणं होतं की लग्न न झालेल्या मुलीनं भरतकाम करावं, नाहीतर स्वस्थ बसावं. माझं म्हणणं असं की कवळी चांगली झाली की लोक ती तोंडात घालून निघून जातात, माझ्या हाती काही राहत नाही. रणगाडा कुणी नेत नाही.

"ही टी-फिफ्टीफाइव्ह," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. तोंडावरचा रुमाल कधीच खाली आला होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"चालवलीय की. एकाहत्तरला. दफेदार जोतिराम डुबल, मुक्काम निगडवाडी."

मी हातातली कवळी खाली ठेवली. आजवर इतके रणगाडे केले होते, पण रणगाड्याच्या पोटात बसलेला माणूस पहिल्यांदाच बघत होते. मी प्रश्नांचा भडिमार केला. आत उकडतं का, बाहेरचं दिसतं किती, पाणी कुठे ठेवता. ते एकेका शब्दात उत्तर देत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गाडीला फुडं नांगर हुता."

"नांगर?"

"सुरुंग काडायचा. दुश्मन जमिनीत सुरुंग पेरून ठिवतो. बाकीच्या गाड्या थांबत्यात आन आमची फुडं जाती. दोन पट्टं, दोन पट्ट्यांच्या फुडं दोन नांगर. एकेकाला तीन तीन दात. जमीन उकरायची, सुरुंग बाजूला लोटायचा. मागं दोन चर पडत्यात. त्या चरातनं बाकीची फौज येती."

असल्या नांगरांविषयी मी एका मासिकात वाचलं होतं. पण तो कुठल्या किटमधे मिळत नव्हता.

"तसली एक करून द्याल का, ताई? इकत नको. एका दिसापुरती द्या. खंडेनवमीला."

निगडवाडी म्हणजे फौजींचं गाव. घरटी एक माणूस सैन्यात. तिथे त्या वर्षी वर्गणीतून सैनिक हॉल बांधून झाला होता आणि खंडेनवमीला तो उघडायचा होता. त्या दिवशी शेतकरी विळे-कोयते पुजतात, सुतार पटाशी पुजतो, मीसुद्धा माझ्या घासायच्या यंत्राला झेंडूचं फूल वाहते. निगडवाडीत असं ठरलं होतं की प्रत्येक पेन्शनर फौजीनं आपला फोटो भिंतीला लावायचा आणि त्याखाली नोकरीतली एक वस्तू पुजायला ठेवायची. कुणी मेडल ठेवणार होतं, कुणी बूट, कुणी फुटकी पाण्याची बाटली.

"माझ्याकडं फोटो हाय," जोतिरामदादा म्हणाले, "पर निस्ता फोटो मी लावायचा न्हाई. गाडी असली तरच लावीन. न्हाईतर मी त्या हालात पाय ठिवणार न्हाई."

"का?"

"ठिवणार न्हाई, एवढंच."

मी करते म्हणाले. खरं सांगायचं तर नांगराचं नाव काढल्यापासूनच माझे हात शिवशिवत होते.

"आन तोफ मागं पायजे," ते दारातून वळून म्हणाले.

"मागे म्हणजे?"

"इंजनाच्या अंगाला."

"अहो दादा, तोफ पुढेच असते. हे बघा," मी किटचा डबा काढून दाखवला. डब्यावर धूळ उडवत येणारा रणगाडा होता, तोफ आपल्या अंगावर रोखलेली.

त्यांनी चित्र नीट न्याहाळलं. "झ्याक काडलंय," म्हणाले. "ह्यो डबा लढाईवर गेला हुता का?"

मी डबा परत मांडणीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात ते कवळी घासून घ्यायला आले, ते बायकोला घेऊन. हौसाबाई ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि नवरा जितका मुका तितक्या ह्या बोलक्या. आल्या आल्या पिशवीतून फोटो काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "रंग कसा द्यायचा ते बगायला आणलाय. ट्रंकंतनं चोरून."

"चोरून न्हाई, माझ्यादेखत काडलाय," दादा म्हणाले.

फोटो रणगाड्याच्या मागून काढलेला होता. इंजिनावरून तोफ सरळ फोटो काढणाऱ्याकडे आलेली, आणि तिच्या बाजूला उभा राहिलेला तरणाबांड जोतिराम, सगळे दात दाखवून हसणारा. स्वतःचे दात. नांगर कुठे दिसत नव्हता. तो पलीकडे, पुढच्या बाजूला.

"सुट्टीवर आलं तवा हौसंनं चावडीत न्हेऊन दावला ह्यांनी," हौसाबाई सांगू लागल्या. "तितं हिंदुराव घाडगे बसल्यालं. तवा हवालदार हुतं, मराठा पलटणीत, फुडं सुभेदार झालं. त्यांनी फोटो बगितला आन म्हनलं, तोफ मागं, गाडी फुडं, म्हंजी ही गाडी घराकडं पळत हुती. सारी चावडी हसली. ह्यांनी सांगितलं, फुडं नांगर हाय, फुडं जात हुतो. तर म्हनत्यात, रणगाड्याला नांगर? मग पेरणी बी करून आला असशील."

"गप की आता," दादा म्हणाले.

"का गप? तवापास्नं गावात ह्यांचं नाव पळता रणगाडा. माज्या सुनंच्या माहेरी बी म्हाईत हाय."

"तुम्ही पुन्हा समजावून नाही सांगितलंत?" मी दादांना विचारलं.

"सांगून पटत न्हाई, ताई. दावल्यावर पटंल. पर दावाय नांगर कुठनं आणू? त्यो सरकारी."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. भर चावडीत हसं झालेला माणूस पंचवीस वर्षं आपला सगळ्यात चांगला फोटो ट्रंकेत ठेवतो, ही गोष्ट मला काही पचेना. त्या सुभेदार घाडग्यांची कवळी कधी माझ्याकडे आली तर चावताना कळ येईल अशीच बसवायची, असंही मी मनात ठरवून टाकलं.

"पण मागे का, तेवढं सांगा ना. पुढे जायचं तर तोफ पुढे नको का?"

"उस्तादानं शिकवल्यालं, नांगर खाली तर तोफ मागं. आमी केली मागं. ईलच तुमच्या ध्यानात," ते म्हणाले आणि कवळी तोंडात घालून चालते झाले.

मग मी कामाला लागले. किटमधला रणगाडा तीन-चार दिवसांत उभा राहिला, पण नांगर सगळा हातानं करायचा होता. दादा दर बाजाराला यायचे, टेबलावरच्या प्लास्टरच्या भुकटीत बोटानं आकृती काढायचे आणि मी ती पुसायच्या आत कागदावर उतरवून घ्यायचे. तीन दात डावीकडे, तीन उजवीकडे. दात बसवणं तर माझाच धंदा. कवळीच्या गुलाबी मसाल्याचे मी सहा दात घडवले, त्यांच्यामागे माती लोटणारं तिरकं पातं बसवलं आणि सगळं लष्करी हिरव्यात रंगवलं. दादांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका दातावर बोट टेकवून म्हणाले, "ह्यो जरा म्होरं पायजे." आमच्याकडे कवळी घ्यायला येणारे अगदी असंच बोलतात.

नांगर नुसता चिकटवायचा नव्हता. खरा नांगर वर-खाली होतो, म्हणून माझाही व्हायला हवा होता. आमच्या कामात आर्टिक्युलेटर नावाचं एक यंत्र असतं. बिजागरीवर मिटणारा-उघडणारा खोटा जबडाच म्हणा ना. कवळी कुणाच्या तोंडात घालण्याआधी त्याच्यात चावून बघतात, कुठे अडतं, कुठे आपटतं ते कळतं. मी एका मोडक्या आर्टिक्युलेटरची बिजागरी काढून नांगराला लावली. काहीही हलणारं केलं की ते चावून बघायचं, ही माझी जुनी सवय. तोफ तेव्हा तात्पुरती पुढेच होती, कारण डब्यावरच्या चित्राप्रमाणे बसवायला सोपी गेली होती.

मी नांगर खाली सोडला. दातांखाली बोट घातलं आणि म्हटलं, समजा आता इथे सुरुंग फुटला. बोटानं जोरात वर टिचकी मारली.

नांगर बिजागरीवरून उसळला आणि तोफेच्या नळीवर आदळला. नळी मुळापासून तुटून टेबलाखाली गेली.

मी टेबलाखाली रांगत जाऊन नळी शोधली, ती मागच्या बाजूला वळवून बसवली आणि पुन्हा टिचकी मारली. नांगर उसळला, हवेत आपटला, परत खाली आला. तोफेला काही झालं नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. आई आतून विचारायला आली की हा खटखट आवाज कसला. मी तिला मिठी मारली आणि सांगितलं की दादा पळत नव्हते. आईला दादा कोण तेच ठाऊक नव्हतं, पण ती म्हणाली, बरं झालं.

खंडेनवमीला मी रणगाड्याचा खोका मांडीवर घेऊन एस.टी.नं निगडवाडीला गेले. सोबत एक ताट आणि पिशवीभर कोरडी वाळू होती. कंडक्टरनं विचारलं, "प्रसाद हाय का?" मी म्हटलं, "हो, एका सुभेदारांसाठी."

हॉलच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. नारळ फोडल्याशिवाय आत जायचं नाही म्हणून सगळे फोटो आणि वस्तू बाहेरच्या ओट्यावर लांबलचक टेबलावर मांडल्या होत्या. फौजी आपापल्या वस्तूमागे उभे होते, छातीवर मेडलं, डोक्याला फेटे. एका टोकाला जोतिरामदादा. फोटो हातात होता, पण पालथा धरलेला. मी टेबलावर ताट ठेवून त्यात वाळू पसरली, खोका उघडून रणगाडा वाळूवर उभा केला, तरी त्यांनी फोटो सुलटा केला नाही. हौसाबाई त्यांना कोपरानं ढोसत होत्या.

सुभेदार हिंदुराव घाडगे ओळखायला वेळ लागला नाही. उंच, पांढऱ्या झुबकेदार मिशा, हातात नारळ. गावातला सगळ्यात मोठ्या हुद्द्याचा फौजी म्हणून नारळाचा मान त्यांचा. ते टेबलाकडेनं एकेक वस्तू बघत आले आणि आमच्यापाशी थांबले.

"आरं तिच्या," ते म्हणाले, "पळता रणगाडा प्लॅस्टिकचा बी निगतो व्हय?"

ओटाभर हशा पिकला. दादांचा चेहरा पडला. ते फोटो काखेत मारून निघायच्याच बेतात होते. मी त्यांची बाही धरली.

"सुभेदारसाहेब," मी म्हटलं, "तोफ चुकीची आहे का?"

"म्हंजी काय? तोफ फुडं पायजे."

"मग करा पुढे. फिरते ती."

त्यांनी खुशीत बोटानं तोफ पुढे वळवली. आता ती नांगरावरून पार पलीकडे गेली, अगदी डब्यावरच्या चित्रासारखी. लोक म्हणाले, आत्ता कसं.

"आता ही वाळू म्हणजे दुश्मनाची जमीन," मी सांगितलं. "ढकला गाडी पुढे."

मोठी माणसं खेळणं हाती आलं की नाही म्हणत नाहीत. सुभेदारांनी नारळ काखेत घेतला आणि रणगाडा हळूहळू ढकलला. सहा दात वाळूत शिरले, वाळू दोन्ही अंगांना लोटली गेली आणि गाडीमागे दोन स्वच्छ चर उमटले. ओट्यावरचे सगळे वाकून बघू लागले. एकजण म्हणाला, "नांगूरच हाय की ह्यो."

"थांबा. आता इथे सुरुंग आहे. नांगराखाली बोट घाला आणि उडवा. जोरात."

"मोडंल की ओ."

"मोडू दे."

त्यांनी टिचकी मारली. नांगर उसळून नळीवर आपटला आणि नळी टेबलावर पडून गडगडत जोतिरामदादांच्या पुढ्यात गेली. ती मी मुद्दाम मेणावर चिकटवून आणली होती, पण ते कुणाला माहीत? सुभेदार दचकले. "माफ करा, ताई," ते पटकन म्हणाले.

"काही हरकत नाही. आता दादांना बसवू दे."

दादांनी नळी उचलली. त्यांनी तोफ बसते तो वरचा बुरूज फिरवला आणि नळी इंजिनाच्या अंगाला बसवली. मग सुभेदारांच्या बोटाकडे बघितलं. सुभेदारांनी पुन्हा बोट घालून उडवलं. नांगर उसळला आणि खाली आला, तोफ जागच्या जागी. त्यांनी आणखी एकदा उडवलं. आता कुणी हसत नव्हतं.

दादांनी फोटो सुलटा केला आणि रणगाड्याच्या मागे उभा केला. तीच तोफ, तीच दिशा. "नांगर पलीकडं हाय," ते म्हणाले. "मी सांगितलं हुतं."

मला वाटलं, झालं, जिंकलो. सुभेदार आता मान खाली घालतील, नाहीतर काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेतील. दोन्ही झालं नाही. ते ताटातल्या त्या दोन चरांकडेच बघत राहिले. मग नारळ टेबलावर ठेवून जवळच्या खुर्चीत बसले.

"जोत्या," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्यो नांगर लढाईतल्या राती वापरत हुता?"

"व्हय."

"आमची पलटण असल्याच दोन चरांतनं गेली. चरातनं पाय भायेर टाकायचा न्हाई, असा हुकूम. आमच्या फुडं एक गाडी. अंधारात नुसती तिची पाठ दिसायची, आन तोफ सारी वाट आमच्या तोंडावर. मी तिला शिव्या घालत चाललो हुतो. म्हनलं, हे बेणं लढाईला चाललंय का घराकडं?"

एक-दोन म्हातारे हसले. सुभेदार हसले नाहीत.

"म्हनून तुजा फोटो बगितला तवा मी तसं म्हनलो. डोळ्यानं बगितल्यालं, असं वाटायचं मला. चर कुणी पाडलं, ते मी इचारलंच न्हाई रं. सगळी पलटण पल्याड गेली. एक बी माणूस मेला न्हाई त्या वाटंवर आमचा."

"ती माजीच गाडी हुती असं न्हाई," दादा म्हणाले. "लई गाड्या हुत्या."

"असंना का. हुती तर कुणाची तरी तुज्यासारख्याची."

हौसाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी त्या सुभेदारांसाठी मनात ठरवलेली टोचणारी कवळी तिथल्या तिथे रद्द केली.

तेवढ्यात पुजारी ओरडला, "चला, मुहूर्त टळतोय. सुभेदार, नारळ."

सुभेदार उठले. टेबलावरचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, दारापर्यंत गेले आणि तिथे थांबून मागे वळले. "जोत्या, हिकडं यं," ते म्हणाले आणि नारळ दादांच्या हातात दिला.

"मी दफेदार, मान तुमचा हाय," दादा म्हणाले.

"फोड म्हनतो ना."

दादांनी नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला. मग त्यांनी वहाणा काढल्या, रणगाडा ताटासकट दोन्ही हातांवर घेतला आणि उंबरा ओलांडला. त्यांच्यामागे सुभेदार. उंबऱ्याशी नारळाचं पाणी सांडलेलं आणि आतली फरशी नवी, कोरडी, त्यामुळे दादांची ओली पावलं तिच्यावर उमटत होती. सुभेदार नीट खाली बघून बरोबर त्या पावलांवर पाय ठेवत चालले होते. त्यांच्यामागचे फौजीही तसेच चालू लागले, एकामागे एक, कुणी काही न सांगता.

दादांना ते दिसत नव्हतं. वाळू सांडू नये म्हणून त्यांची सगळी नजर ताटावर, आणि भिंतीवरची आपली जागा गाठायची घाई. मागून सुभेदारांनी हाक मारली.

"जोत्या, हळू चाल की लेका. मागं पलटण हाय."